रोबोटला नक्की काय कळतं?

गेल्या अंकात रोबोटच्या ग्रिपरवर, म्हणजे वस्तू पकडणाऱ्या पंजावर, लिहिलं आणि पत्रांचा ढीग आला. बहुतेकांचा रोख सेन्सरवर होता. त्यातली काही पत्रं इथे थोडक्यात दिली आहेत. कंपन्यांची नावं मुद्दाम गाळली आहेत, कारण हे बिघाड सगळ्यांकडे सारखेच होतात.

मॅडम, परीक्षेत 'औद्योगिक रोबोटमधील सेन्सरचे प्रकार लिहा' असा प्रश्न हमखास येतो. एका पुस्तकात पाच प्रकार आहेत, दुसऱ्यात अकरा. खरे किती?
– आयटीआयचा विद्यार्थी, सातारा

परीक्षेत सरांनी सांगितला तो आकडा लिही आणि मार्क घेऊन मोकळा हो. कामावर लागलास की प्रकार मोजत बसू नकोस. समोरच्या सेन्सरला एकच विचार: तुला नेमकं काय कळतं? प्रत्येक सेन्सरला एकच गोष्ट कळते, बाकीचा अर्थ आपण लावतो आणि घोळ तिथेच होतो.

ढोबळ मानाने सेन्सर दोन ठिकाणी असतात. काही रोबोटच्या अंगात असतात. प्रत्येक सांध्याच्या मोटरमागे एनकोडर किंवा रिझॉल्व्हर, म्हणजे मोटर किती फिरली ते मोजणारा सेन्सर असतो, मोटरचा करंट मोजणारं सर्किट ती चालवणाऱ्या ड्राइव्हमध्ये असतं. यांना आपला हात कुठे आहे आणि किती जोर लागतोय एवढंच कळतं. बाकीचे बाहेर, म्हणजे ग्रिपरवर, जॉब (ज्या भागावर काम करायचं तो) बसवायच्या फिक्स्चरवर, कन्व्हेयरवर. प्रॉक्स (धातू जवळ आला की कळणारा प्रॉक्सिमिटी सेन्सर), फोटो सेन्सर, व्हॅक्यूम स्विच, कॅमेरा, फोर्स सेन्सर हे सगळे त्यातले. कुंपण, गेट आणि लाइट कर्टन मी वेगळे धरते, कारण ते रोबोटच्या कामासाठी नसतात, माणसासाठी असतात. त्याबद्दल पुढे एका पत्राच्या उत्तरात लिहिलं आहे.

1961 मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात युनिमेट लागला. कारखान्यात कामाला लागलेला तो पहिला औद्योगिक रोबोट. गरम डाय-कास्टिंग उचलायचं त्याचं काम, आणि ते चालायचं पाठ केलेल्या जागांवर हात नेऊन. आजही तुझ्या वर्कशॉपमधल्या रोबोटचा पाया तोच आहे. म्हणून एनकोडर नीट समजून घे.

17 बिटचा एनकोडर मोटरच्या एका फेरीचे 1,31,072 भाग करतो. मधे शंभरास एकचा गिअरबॉक्स धरलास तर दीड मीटर लांब हाताच्या टोकाला एक भाग म्हणजे एक मायक्रॉनसुद्धा नाही. मग कॅटलॉगमध्ये रिपीटेबिलिटी (त्याच जागी पुन्हा पुन्हा येण्यातला फरक) ±0.03 किंवा ±0.05 मिलिमीटर का लिहितात? कारण एनकोडर मोटरवर बसलाय, हाताच्या टोकावर नाही. गिअरमधली ढील, हाताचं वाकणं, सकाळचा थंड आणि दुपारचा तापलेला गिअरबॉक्स यातलं त्याला काहीही दिसत नाही. मोटर बरोबर फिरली एवढीच त्याची साक्ष. तोंडी परीक्षेत हे सांगितलंस तर बाहेरून आलेले परीक्षक मान वर करून बघतील.

दिवाळीच्या सुट्टीत मेन स्विच बंद करून गेलो. परत आलो तर रोबोटने जागाच ओळखायची सोडली. सर्व्हिसवाले म्हणतात बॅटरी गेली. मोटर, केबल सगळं ठीक असताना टॉर्चच्या सेलसारख्या बॅटरीमुळे एवढा महाग रोबोट बंद पडतो, हे पटत नाही.
– फाउंड्री-मशिन शॉपचे मालक, शिरोली, कोल्हापूर

पटवून घ्या, कारण सर्व्हिसवाले खरं सांगताहेत. दिवाळीनंतरच्या सोमवारी असे फोन दर वर्षी येतात.

सांधा एकदा फिरायला मोटरला शंभरच्या आसपास फेऱ्या माराव्या लागतात. एका फेरीच्या आत मोटर कुठे आहे हे एनकोडरच्या चकतीवर कोरलेलंच असतं, वीज गेली तरी ते पुसलं जात नाही. पण ही कितवी फेरी, हे मोजून लक्षात ठेवावं लागतं. मेन बंद असताना ती आठवण जिवंत ठेवायचं काम बॅटरीचं. रोबोट चालू असतो तेव्हा बॅटरीवर भार जवळजवळ नसतो. म्हणून वर्षभर काही कळत नाही आणि नेमक्या लांब सुट्टीत ती मान टाकते.

बरं, रोबोट न सांगता बंद पडत नाही. आधी 'बॅटरी लो'ची सूचना येते. ती टीच पेंडंटवर, म्हणजे रोबोटला शिकवायच्या हातातल्या पॅनेलवर, पिवळ्या अक्षरांत येते, ऑपरेटर रिसेट दाबतो आणि उत्पादन चालू राहतं. तुमच्याकडे अलार्म हिस्ट्री काढून बघा. दसऱ्याच्या आसपासची नोंद सापडली तर मला नवल वाटणार नाही.

आता करायचं काय? नव्या बॅटऱ्या घाला, अलार्म रिसेट करा आणि मग मास्टरिंग करून घ्या. प्रत्येक सांध्यावर दोन खुणा असतात, काहींवर रेघा, काहींवर खाचा. त्या समोरासमोर आणून 'हे शून्य' असं कंट्रोलरला सांगायचं. घाईत हे डोळ्याने करतात आणि मग महिनाभर रोबोटला शिकवलेले पॉइंट सुधारत बसतात. दुसऱ्या सांध्यात एक दशांश अंशाची चूक राहिली तर दीड मीटरवर अडीच मिलिमीटरहून जास्त फरक पडतो. मशीनच्या चकमध्ये जॉब घालणाऱ्या रोबोटला एवढा फरक म्हणजे सरळ धडक. तुमच्या मॉडेलला मास्टरिंगची पिन किंवा डायल गेजची जोडणी मिळत असेल तर तीच वापरायला सांगा. काही कंपन्या कारखान्यातल्या कॅलिब्रेशनचे आकडे रोबोटवरच्या पट्टीवर छापून देतात. त्या पट्टीचा फोटो आजच काढून ठेवा. फाउंड्रीच्या धुळीत आणि तेलात ती पट्टी वाचता येण्याजोगी फार दिवस राहत नाही.

एक गोष्ट मात्र पॅनेलच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवा: बॅटरी बदलताना कंट्रोलर चालू, इमर्जन्सी स्टॉप दाबलेला. आपल्या इलेक्ट्रिशियनला सवय असते आधी मेन पाडायची. सवय चांगलीच आहे, पण इथे मेन पाडून बॅटरी काढली की जे टाळायचं होतं तेच होतं. बॅटरी बदलायचा महिना ठरवून टाका. मी गणपतीच्या आधीचा सांगते, म्हणजे दिवाळीपर्यंत काळजी नको.

बॅटरीशिवाय फेऱ्या मोजणारे एनकोडरही मिळतात. काहींत छोटी गिअरची माळ फेऱ्या मोजते, काहींत वीगंडची तार असते, चुंबक फिरला की ती स्वतःच विजेचा ठोका देते. नवा रोबोट घेताना विचारा. आहे त्या रोबोटमध्ये बदलून घेण्याच्या भानगडीत पडू नका.

जॉब स्टीलचा होता तोवर रोबोटचा सेल (रोबोट आणि त्याच्या भोवतीची मांडणी) उत्तम चालला. आता तोच आकार ॲल्युमिनियममध्ये आहे. जॉब फिक्स्चरवर बसलेला डोळ्यांना दिसतो, पण प्रॉक्सचा दिवा लागत नाही. सेन्सर बदलून पाहिला, तेच.
– लाइन सुपरवायझर, भोसरी

सेन्सर बिचारा बरोबर आहे. त्याला जॉब दिसत नाही, त्याला जॉबमधले भोवरे प्रवाह जाणवतात.

इंडक्टिव्ह प्रॉक्सच्या तोंडाशी कॉइल असते आणि ती उच्च वारंवारतेचं चुंबकीय क्षेत्र सोडत असते. धातू जवळ आला की त्यात प्रवाह फिरू लागतात, ते कॉइलची ऊर्जा खातात, दोलन मंदावतं आणि आउटपुट बदलतो. सौम्य पोलाद ही ऊर्जा भरपूर खातं. ॲल्युमिनियम, पितळ, तांबं विजेचे इतके चांगले वाहक आहेत की त्यांच्यात ऊर्जा कमी जळते. कॅटलॉगमध्ये '4 मिलिमीटर' लिहिलेलं अंतर एक मिलिमीटर जाडीच्या सौम्य पोलादाच्या चौकोनी तुकड्यावर मोजलेलं असतं. ॲल्युमिनियमला त्याला साधारण 0.4 ने गुणायचं, म्हणजे उरलं 1.6. तुम्ही फटीत फीलर गेज घालून बघा. अडीच-तीनच्या आसपास सापडेल असा माझा अंदाज. स्टीलला ते चालून गेलं.

उपाय दोन. फट एक मिलिमीटरवर आणा, पण मग जॉब ठेवताना सेन्सरच्या तोंडावर आपटायची भीती. नाहीतर सगळ्या धातूंना सारखंच अंतर देणारा 'फॅक्टर वन' प्रॉक्स घ्या. महाग आहे, पण स्टील आणि ॲल्युमिनियम दोन्ही चालवणार असाल तर दुसरा विचार नको. घेताना जुना पीएनपी आहे की एनपीएन, म्हणजे आउटपुटला प्लस देतो की मायनस, ते बघून घ्या. तपकिरी प्लस, निळी मायनस, काळी आउटपुट हे रंग दोघांचेही सारखेच असतात, त्यामुळे जोडणी बिनबोभाट होते आणि पीएलसीचा (सेल चालवणाऱ्या कंट्रोलरचा) इनपुट मात्र येत नाही.

तुम्ही विचारलेलं नाही, तरी एक सांगते, कारण ॲल्युमिनियमवर मशीनिंग होत असणारच. बुरादा. कूलंटने ओला झालेला चिप्सचा पुंजका प्रॉक्सच्या तोंडावर बसला की त्याला जॉब नसतानाही जॉब 'कळतो', आणि रोबोट रिकाम्या फिक्स्चरवरून पुढे निघतो. दिवा लागत नाही तेव्हा लाइन थांबते आणि लोक धावतात. दिवा कायम लागलेला असतो तेव्हा कुणीच बघत नाही. म्हणून पीएलसीच्या प्रोग्राममध्ये प्रत्येक सायकलला दोन्ही तपासून घ्या: जॉब ठेवल्यावर सिग्नल आला का, आणि जॉब उचलल्यावर गेला का. गेला नाही तर तिथेच थांबायचं. एवढी एक ओळ मी अनेक सेलमध्ये घालून दिली आहे आणि दर वेळी प्रोग्रामर म्हणतो, 'याची काय गरज?'

ग्रिपरच्या सिलिंडरवरच्या रीड स्विचचंही तसंच. तो पिस्टनचा चुंबक कुठे आला ते सांगतो, जॉब पकडला की नाही ते नाही. बोटं रिकामी पूर्ण मिटली आणि बोटांत जॉब अडकला या दोन जागा वेगळ्या असतात. रीड स्विच जॉब अडकतो त्या जागेवर लावा, पूर्ण मिटल्याच्या जागेवर नाही. सिलिंडरचा स्ट्रोक फारच छोटा असेल तर दोन्ही जागा एकाच स्विचला दिसतील. तिथे बोटातच छोटा प्रॉक्स बसवावा लागतो.

कॅमेरा लावला तर हे सगळे छोटे सेन्सर काढून टाकता येतील का? सेल्सवाला तसं म्हणतो.
– उद्योजक, सातपूर, नाशिक

नाही. कॅमेरा लावायच्या आधी दुपारी चारला शेडच्या पश्चिमेकडच्या पारदर्शक पत्र्यातून ऊन कुठे पडतं ते पाहून या. कॅमेऱ्याचा निम्मा खर्च आणि तीन चतुर्थांश डोकेदुखी ही प्रकाशयोजनेची असते. आणि 'ग्रिपरमध्ये जॉब आहे का' हे विचारायला कॅमेरा लागत नाही.

एमआयजी वेल्डिंगचा रोबोट आहे. पत्र्याचं शीअर (कापणं) आणि बेंडिंग बाहेरून करून येतं. कधी वेल्ड सांध्यावर पडतो, कधी दोन मिलिमीटर बाजूला. लेसर सीम ट्रॅकर (सांधा शोधत जाणारा सेन्सर) घ्यावा का? किंमत ऐकून घाम फुटला.
– फॅब्रिकेशन व्हेंडर, वाळूज

घाम पुसा. तुमच्या रोबोटमध्ये बहुधा एक सेन्सर आधीच आहे: वेल्डिंगची तार.

याला टच सेन्सिंग म्हणतात. तारेवर थोडं व्होल्टेज ठेवायचं आणि रोबोटने ती सावकाश जॉबकडे न्यायची. तार पत्र्याला टेकली की सर्किट पूर्ण होतं आणि कंट्रोलर ती जागा टिपतो. अंधारात भिंत चाचपत दिव्याचं बटण शोधावं, तसंच. दोन-तीन बाजूंनी टेकवलं की जॉब किती सरकलाय हे कळतं आणि सगळा वेल्ड तेवढा सरकवता येतो. बऱ्याच वेल्डिंग रोबोटना हा पर्याय सॉफ्टवेअर आणि थोड्या जोडणीवर मिळतो. अट एवढीच की दर वेळी तार सारख्याच लांबीची बाहेर हवी, म्हणून आधी वायर कटरवर कापून घ्यायची. आणि पत्र्यावर गंज, रंग किंवा मिल स्केल (पत्रा गरम लाटताना बसलेली काळी पापडी) नको. तिथे तार टेकते पण वीज जात नाही, रोबोट पुढे दाबत राहतो आणि तार वाकते. वेळही जातो. एका टोकाला काही सेकंद धरा आणि सायकल टाइमचा हिशेब आधी करा.

वेल्ड चालू असताना सांधा सरकत असेल, म्हणजे लांब जॉब उष्णतेने वाकत असेल, तर आर्क सेन्सिंग. टॉर्च डावी-उजवीकडे झुलत जाते. तारेचं बाहेरचं टोक जितकं आखूड, तितका करंट जास्त. फिलेटच्या, म्हणजे दोन पत्रे काटकोनात भेटतात त्या कोपऱ्याच्या, दोन्ही भिंतींशी येताना करंट वाढतो. डावीकडे जास्त वाढला तर टॉर्च डावीकडे सरकली आहे, उजवीकडे घ्या. सुंदर कल्पना आहे, वेगळा सेन्सर तोंडाशी लावावा लागत नाही, स्पॅटरने (उडणाऱ्या वितळलेल्या थेंबांनी) काही बिघडत नाही. पण झुलायला जागा आणि दोन भिंती हव्यात. जाड पत्र्याचा फिलेट किंवा व्ही ग्रूव्ह असेल तर छान. दोन मिलिमीटरच्या पत्र्याच्या लॅपला, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पत्र्यांच्या जोडाला, चालणार नाही.

लेसर ट्रॅकर टॉर्चच्या पुढे काही सेंटिमीटर राहून सांध्यावर रेघ टाकतो आणि तिरक्या कॅमेऱ्यातून तिचा वाकडेपणा वाचतो. पातळ पत्रा, मोठी संख्या, बदलते सांधे असतील तिथे त्याला पर्याय नाही. तुम्ही पत्रात दिलेला चॅसी ब्रॅकेटचा जॉब पाहता मला तशी गरज वाटत नाही. त्याआधी बेंडिंगवाल्याकडे जाऊन बॅकगेज (पत्रा किती आत सरकवायचा ते ठरवणारा अडसर) कोण सेट करतं ते विचारा. आणि जॉब धरणाऱ्या जिगच्या पिना मोजा. पिन अर्धा मिलिमीटर झिजलेली असेल तर कुठलाही ट्रॅकर तुमचा दोष फक्त झाकेल.

माझा मुलगा चाकणला ट्रेनी म्हणून लागला आहे. रोबोटच्या लाइनवर आहे. म्हणतो, 'आई, रोबोटला माणूस कळतो, तो थांबतो.' खरं आहे का हो?
– एक आई, राजगुरुनगर

ताई, बहुतेक रोबोटना माणूस कळत नाही. स्पॉट वेल्डिंगचा दीड-दोनशे किलो पेलणारा मोठा रोबोट असेल तर त्याला वाटेत कुणी आहे हे कळायचा एकच मार्ग: धडक बसल्यावर मोटरचा करंट वाढतो. ते सर्किट यंत्र वाचवण्यासाठी असतं, माणूस वाचवायला ते पुरेसं नाही.

माणूस कळतो तो रोबोटभोवतीच्या कुंपणाला. गेट उघडलं की गेटवरचा स्विच रोबोटची ताकद काढून घेतो. जिथे जॉब ठेवायला उघडी जागा लागते तिथे लाइट कर्टन असतं, इन्फ्रारेड किरणांची उभी जाळी. बोट ओळखणाऱ्या कर्टनमध्ये ती 14 मिलिमीटर जाडीची वस्तूही ओळखते. ते कुठे लावायचं याचं गणित ठरलेलं आहे: माणसाचा हात सेकंदाला दोन मीटर वेगाने आत येईल असं धरायचं. समजा, यंत्रणेला पूर्ण थांबायला सेकंदाचा पाचवा भाग लागतो. मग कर्टन धोक्यापासून निदान 400 मिलिमीटर लांब हवं. लांब जागांवर लेसर स्कॅनर जमिनीलगत फिरता किरण टाकून पाय ओळखतो.

तुमचा मुलगा रोबोटला शिकवत असेल तर त्याच्या हातात टीच पेंडंट असतो. त्याच्या मागचं बटण तीन अवस्थांचं असतं. हलकं दाबलं तर रोबोट हलू शकतो, सोडलं तर थांबतो आणि घट्ट आवळलं तरीही थांबतो. घाबरल्यावर काही माणसं हात सोडतात आणि काही मूठ आवळतात, म्हणून असं केलं आहे. त्या मोडमध्ये रोबोटचा वेगही सेकंदाला 250 मिलिमीटरच्या वर जाऊ देत नाहीत.

मुलगा म्हणतो तसे माणूस लागला की थांबणारे रोबोटही आहेत, त्यांना कोबॉट म्हणतात. काहींच्या प्रत्येक सांध्यात जोर मोजणारा सेन्सर असतो, काही मोटरच्या करंटवरून अंदाज घेतात. त्यांनी शरीराच्या कुठल्या भागावर किती जोर लावायचा याची मर्यादा आखलेली आहे. बोटं चिमटली तर 140 न्यूटन, चेहऱ्याला 65. पण हातात धारदार पत्रा दिला की तोच कोबॉट सुरक्षित राहत नाही. कोबॉटला सेन्सर आहेत, पत्र्याला नाहीत.

1979 च्या जानेवारीत अमेरिकेत मिशिगनमधल्या फ्लॅट रॉकच्या फोर्ड कारखान्यात रॉबर्ट विल्यम्स हा पंचवीस वर्षांचा कामगार रॅकवर चढून सुटे भाग काढत होता. भाग आणून देणारं यंत्र नीट काम करत नव्हतं म्हणून तो स्वतः गेला. यंत्राचा हात मागून आला. रोबोटने माणूस मेल्याची नोंद झालेली ती पहिली घटना. तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. असे अपघात आजही बरेचदा तसेच घडतात: काहीतरी अडकतं, उत्पादन थांबतं आणि कुणीतरी 'पटकन' आत जातं.

तेव्हा मुलाला तीन गोष्टी विचारा. आत जाताना स्वतःचं कुलूप गेटवर लावतो का, आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो का? कुंपणावरून किंवा कन्व्हेयरच्या फटीतून हात घालतो का? आणि गेट स्विचची जादा जीभ पॅनेलमध्ये कुठे ठेवलेली त्याला माहीत आहे का? ती जीभ स्विचमध्ये खुपसली की गेट उघडं असूनही यंत्रणेला बंद वाटतं. तिसऱ्याचं उत्तर 'हो' आलं तर त्याने आपल्या सेफ्टी ऑफिसरला लेखी कळवावं. ट्रेनी आहे म्हणून गप्प बसू नये. आणि पुढच्या वेळी तो म्हणाला 'रोबोटला कळतं', तर त्याला विचारा, कुठल्या सेन्सरने?

औषधांचे खोके व्हॅक्यूम कपने उचलतो. खोका उचलला जातो, तरी 'व्हॅक्यूम नाही' म्हणून रोबोट थांबतो. कप, इजेक्टर (दाबाच्या हवेने व्हॅक्यूम करणारा भाग) नवे आहेत.
– पॅकिंग विभाग, वेर्णा, गोवा

पुठ्ठा हवा झिरपू देतो. गुळगुळीत पत्र्यावर उणे 60 किलोपास्कल सहज मिळतं, पुठ्ठ्यावर उणे 30 च मिळेल, आणि तुमचा व्हॅक्यूम स्विच कुणीतरी पत्र्याच्या हिशेबाने लावून ठेवलाय. खोका लटकत असताना डिस्प्लेवरचा आकडा वाचा, कप रिकामा असतानाचाही वाचा, आणि सेट पॉइंट दोन्हींच्या मधे, भरल्या आकड्याच्या जरा जवळ ठेवा. पावसाळ्यात पुठ्ठा दमट होतो, तेव्हा आकडे पुन्हा घ्या. इजेक्टरचा फिल्टरही उघडून पाहा, पुठ्ठ्याचा भुगा तिथेच साठतो.